साफ करायला नेलेली बंदूक

“वेस, तू जीव द्यायचा विचार करतोयस का?”

शुक्रवारी दुपारपर्यंत डेला स्टेनरुडने हा प्रश्न चौघांना विचारला होता. बाथरूमच्या आरशाला, गोठ्यातल्या लंगड्या मेंढीला, शाळेच्या बसच्या खिडकीला आणि मैत्रीण जूनला. आरशातला चेहरा लाल झाला. मेंढी रवंथ करत राहिली. खिडकीवर नुसती वाफ धरली. जून म्हणाली, “मला काय विचारतेस? त्याला विचार. मेंढीला विचारून पैज जिंकता येत नसते.”

पैज गुरुवारची. दर गुरुवारी मिस फरेरा दोन डोंगर ओलांडून शाळेत येत, कारण मनाच्या दुखण्यांवर बोलणारं माणूस अख्ख्या जिल्ह्यात त्या एकट्याच. त्यांनी फरशी पुसायचा मॉप खुर्चीत बसवला, त्याला टोपी घातली, नाव ठेवलं हँक, आणि एकेकाला हँकसमोर उभं करून हा प्रश्न सरळ विचारायला लावला. आडवळणाने नाही. ‘बरा आहेस ना’ असं तर मुळीच नाही, कारण त्याचं लार्च क्रीकमध्ये एकच उत्तर असतं. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही, आधीच असला तर त्याला बाहेर यायला वाट मिळते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पोरं खिदळत होती. हँकच्या वतीने मागून कुणीतरी म्हणालं, हो, विचार करतोय, मला रोज संडासात उभं करतात. मिस फरेरासुद्धा हसल्या.

सगळ्यांत झकास विचारलं ते डेलाने. ती विचारणारच. सप्टेंबरात जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळवल्यापासून तिचा आवाज असा काही सुटला होता, की ती जेवताना मीठ मागायची तरी वर्गातली ओपल टाळ्या वाजवायची. जेवणाच्या सुट्टीत ओपलनेच चिमटा काढला, मॉपपुढे वाघीण झालीस, घरी काय? आणि जून म्हणाली, भावाला विचारून दाखव. शनिवारच्या आत. ती हसत म्हणाली, पण वाक्य संपेपर्यंत तिघींचंही हसू विरलं. शनिवार का, हे तिघींनाही ठाऊक होतं.

शनिवारी शिकारीचा हंगाम उघडत होता. आणि आदल्या दिवशी, म्हणजे आज पाच वाजता, ऑरिनकाका वेसची बंदूक परत घेऊन येणार होते.

लार्च क्रीकमध्ये एक रीत आहे, तिला नाव नाही. एखाद्या घरात कुणी गेलं, कुणाचा संसार मोडला, कुणाची नोकरी सुटली, की दोन-तीन दिवसांत बंदुकांच्या दुकानाचे ऑरिन व्होग्ट आपली राखाडी पिकअप घेऊन दारात येतात. कॉफी पितात. थंडीवर बोलतात. निघताना म्हणतात, तुमच्या बंदुकीला जरा तेलपाणी करायला झालंय, नेतो. घरचे म्हणतात, न्या. यापलीकडे एक शब्द नाही. जे काम अर्ध्या तासाचं, त्याला कधी महिना लागतो, कधी चार. पण हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी बंदूक परत यायचीच, आरशासारखी लखलखीत. पहिल्या दिवशी जो माणूस डोंगरावर दिसला नाही, त्याच्याबद्दल संध्याकाळी चर्चच्या तळघरात, हरणाच्या मटणाच्या पातेल्याभोवती, सगळं खोरं बोलतं. त्यामुळे बंदूक यायची ती कॅलेंडर बघून. माणसाकडे बघायचं राहून जायचं.

डेलाचा भाऊ वेस एकोणीस वर्षांचा. जून महिन्यात जंगलात लाकूडतोडीच्या कामावर त्याने तोडलेलं झाड पडता पडता वळलं आणि त्याचा मित्र डेन खाली सापडला. चौकशीत दोष वाऱ्यावर गेला. वेसने तो वाऱ्याला कधीच लागू दिला नाही. तेव्हापासून तो कामाला जायचा, घरी यायचा, ताटातलं इकडून तिकडे सरकवायचा. हे सगळं डेलाला सवयीचं झालं होतं. घाबरवलं ते या आठवड्याने. सोमवारी त्याने हरणाच्या शिंगाच्या मुठीचा सुरा तिच्या हातात ठेवला. ठेव तुला, म्हणाला. बुधवारी त्याने बिस्किट, त्याच्याशिवाय कुणाच्या पायाशी न झोपणारा आपला कुत्रा, डेनच्या आईला देऊन टाकला. आणि विचित्र म्हणजे त्या रात्री तो नीट जेवला. आईला वाटलं, पोरगा वळणावर आला. तिने खूश होऊन अ‍ॅपल पाय भाजला. डेलाने आपला तुकडा ताटातच ठेवला.

बुधवारीच तिने बाबांना चाचपून पाहिलं होतं. वेसची बंदूक ऑरिनकाकांकडे अजून महिनाभर राहिली तर? कर्ट स्टेनरुड रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत, हीच तर पंचाईत. त्यांनी हात पुसले आणि मोठ्या मायेने तिला तिचंच वाक्य ऐकवलं: “ज्याच्यावर विश्वास ठेवत नाही त्याला स्वतंत्र म्हणू नका. कोण बोललं होतं हे, डेलाबाई?”

तीच बोलली होती. त्या वाक्यावर ढाल मिळाली होती. विषय होता आपली बंदूक, आपलं घर, आपला हक्क. सभागृहात बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यानंतर चाऱ्याच्या दुकानात भेटेल त्याला ते हे वाक्य ऐकवत होते. डेलाला ते अजूनही खरंच वाटत होतं. तिची स्वतःची बंदूक होती, गेल्या वर्षीच्या पहिल्या हरणानंतर आजोबांनी तिच्या हाती दिलेली, आणि ती कुणी हिसकावायला आलं असतं तर तिने त्याला जिल्ह्याबाहेर पिटाळलं असतं. बाबा पुढे म्हणाले, पोरगा सज्ञान आहे, त्याने काही गुन्हा केलेला नाही. बंदूक काढून घेतलेल्या माणसाला आपण माणसातून उठवतो. यावर ढाल मिळवणारी मुलगी वाद न घालता बाहेर पडली. पहिल्यांदाच.

शुक्रवारी शाळा लवकर सुटली. हंगामाच्या आदल्या दिवशी शाळा चालवून उपयोग नसतो, कुणाचं लक्ष नसतं. बस अडीचला फाट्यावर थांबली. आई उद्याच्या जेवणासाठी चर्चमध्ये कांदे चिरत असणार, बाबा गावात गाडीची चाकं बदलायला. अंगणात फक्त वेसची पिकअप उभी होती.

“वेस,” तिने दारातून हाक मारली.

घरात फ्रिजची घरघर तेवढी होती.

वरच्या मजल्यावर त्याची खोली. पलंग आवरलेला. वेसचा पलंग आवरलेला तिने आजवर पाहिला नव्हता. चादरीला एक सुरकुती नाही, टेबलावर पाकीट आणि गाडीच्या किल्ल्या शेजारी शेजारी, सरळ रेषेत. तिने परत हाक मारली आणि तिचा तो सुटलेला, गाजलेला आवाज मांजराच्या पिल्लासारखा निघाला.

तळघराचा जिना तेरा पायऱ्यांचा. लहानपणी ती आणि वेस तो डोळे मिटून उतरायची शर्यत लावायचे. आज तिने भिंतीला हात धरून एकेक पायरी मोजली, कारण खाली बंदुकांची तिजोरी होती. भक्कम, लोखंडी, आकडे दाबून उघडायची. बाहेरचा चोर आला तर तिला फोडू शकला नसता. पण स्टेनरुडांच्या घरी तिजोरीचा आकडा म्हणजे घरात सर्वांत शेवटी ज्याने पहिलं हरीण मारलं त्या दिवसाची तारीख, पणजोबांच्या कुलपापासून चालत आलेली हौस. सध्या तारीख डेलाची होती. तीन नोव्हेंबर. जिन्याच्या भिंतीवर त्या दिवसाचा फोटो होता, खाली तारीख लिहिलेली. फोटोत डेला दात दाखवत होती आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून वेस.

तिजोरी बंद होती. बंद असण्याला काही अर्थ नव्हता. दोनदा चुकीचा आकडा दाबला गेला. तिसऱ्यांदा दार उघडलं. बाबांच्या तीन, आजोबांची जुनी एक, तिची एक. पाच. तिने पुन्हा मोजल्या, बोट लावून, बालवाडीतल्या पोरीसारख्या. पाचच. ती तिथेच थंड फरशीवर बसली आणि मग बसण्यासाठी वेळ नाही हे आठवून उठली.

वेस गोठ्यात होता. उपड्या बादलीवर बसून लंगड्या मेंढीचा खूर मांडीवर घेऊन कापत होता, इतका सावकाश, जणू दिवसभरात दुसरं काही करायचंच नाही. डेला दाराला टेकून उभी राहिली. तिने सुरुवात केली ती मेंढीच्या पायापासून. मग जून कशी बोलते ते सांगितलं, हँकची गोष्ट सांगितली, संडासाचा विनोदही सांगितला. वेसच्या ओठाचा एक कोपरा हलला. तो म्हणाला, “हँकला म्हणावं, मी पण तिथेच उभा असतो.”

हे बोलून तो परत खुराकडे वळला. डेलाच्या लक्षात आलं की दार उघडलं होतं, जेमतेम बोटभर, आणि ते आता मिटेल. वक्तृत्वाचा आवाज आलाच नाही. जो आला तो साधा, घरचा.

“वेस, तू जीव द्यायचा विचार करतोयस का?”

कात्री थांबली. मेंढीने पाय ओढला, त्याने सोडून दिला. डेलाला वाटलं, मिस फरेरांचं चुकलं, आपणच आत्ता हे त्याच्या डोक्यात घातलं, मोठं काहीतरी मोडून ठेवलं. तिला पळून जावंसं वाटलं. ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

“हो,” वेस म्हणाला. “आधी कधीतरी यायचा. आता रोज येतो.”

“उद्या?”

त्याने मान वर केली नाही. “उद्या मी एकटाच वरच्या खिंडीत जाणार होतो.”

एवढंच. ती जाऊन त्याच्या शेजारी गवताच्या भाऱ्यावर बसली, त्याच्या खांद्याला खांदा लावून. तिला हुंदका येत होता आणि त्याच वेळी, लाज वाटावी असा, हलकेपणाही. घरात चार महिने दबा धरून बसलेली गोष्ट आता समोर होती, तिला नाव होतं. गुरुवारी वर्गात वाटलेल्या कागदावरची दुसरी ओळ तिला पाठ होती: मदत करणाऱ्या माणसाशी जोडून द्या. तिने खिशातून मिस फरेरांचं कार्ड काढलं. वेस म्हणाला, नको, त्या कामात असतील. डेला म्हणाली, त्यांचं कामच हे आहे, गाढवा. तिनेच नंबर लावला आणि फोन त्याच्या कानाला नेऊन टेकवला. तो पहिली दोन मिनिटं नुसता हं हं करत राहिला. मग तो रडायला लागला, आणि रडत रडत बोलायला लागला, डेनचं, झाडाचं, वाऱ्याचं. डेला मेंढीच्या पाठीवर हात फिरवत भिंतीकडे बघत राहिली, कारण आपला भाऊ रडताना कसा दिसतो ते तिला माहीत नव्हतं आणि त्यालाही ते बघून नको असणार.

शेवटी फोन तिच्याकडे आला. मिस फरेरांनी सोमवारची, सकाळी नवाची, डॉक्टरांची वेळ घेते म्हणून सांगितलं. उद्या सकाळी त्या स्वतः येणार होत्या. तोवर वेसने एक मिनिट एकटं राहायचं नाही. आई-बाबांना आजच सांगायचं. आणि घरात बंदूक हाताला लागता कामा नये. त्याचं जास्त बिघडलंच, तर वाट बघायची नाही, सरळ मदतीला फोन करायचा.

तेवढ्यात फाट्यावरून खडी चिरडत गाडी आली. पाचला दहा कमी होते. ऑरिनकाका कधी उशीर करत नाहीत.

डेला धावत जाऊन पिकअपसमोर उभी राहिली, दोन्ही हात बॉनेटवर टेकवून. ऑरिनकाकांनी काच खाली केली. शेजारच्या सीटवर लांब पिशवी होती. आत काय आहे ते तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, देऊ नका, परत न्या. त्यांनी कारण विचारलं, तिने सांगितलं, सगळं, तीन वाक्यांत. म्हाताऱ्याचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला. पण ते नाही म्हणून मान हलवत राहिले.

“पोरी, वस्तू त्याची, कागद त्याच्या नावाचा. तो राहू द्या म्हणाला तर ठेवीन. तू म्हणालीस म्हणून ठेवली तर मी चोर ठरलो.”

व्यासपीठावर डेला हेच म्हणाली असती, शब्द न शब्द. म्हणून तिला जास्त राग आला.

“मग जून महिन्यात का नेलीत, ऑरिनकाका?”

“तेलपाण्याला.”

“चार महिने?”

ऑरिनकाकांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. हात मात्र स्टिअरिंगवरून काढले नाहीत. खालच्या आवाजात ते म्हणाले, “एक बंदूक मी अशीच वेळेवर परत केली होती. बायकोच्या धाकट्या भावाची. चकाचक करून. मला वाटलं, हंगाम चुकला तर बिचाऱ्याला वाईट वाटेल.” तो माणूस कसा गेला हे डेलाने ऐकलेलं होतं. त्याला अपघात झाला असं सगळे म्हणतात.

वेस गोठ्यातून बाहेर आला होता. डोळे सुजलेले, हाताला मेंढीच्या खुराची घाण. त्याने पिशवीकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला. त्याने हात पुढे केला असता तर जगातलं कुठलंही भाषण कामाला आलं नसतं.

“राहू दे तुमच्याकडे,” तो म्हणाला. आणि लगेच, कडवट हसून, “पण माझी एकट्याची राहिली ना, उद्या सकाळी सगळे मोजतील. स्टेनरुडांचा पोरगा कामातून गेला म्हणतील. ते ऐकून घ्यायची ताकद नाहीये माझ्यात.”

डेलाने डोंगराकडे पाहिलं. वर्षभर ती या शनिवारची वाट पाहत होती. जून, ओपल आणि तिने मिळून एक कडा हेरून ठेवला होता. नवी नारिंगी टोपी खुंटीवर होती, किमतीची चिठ्ठीही अजून काढलेली नव्हती. यंदा शिंगांचा नर मारायचा, वेसने मारला त्यापेक्षा मोठा, अशी तिने वर्गात फुशारकी मारून ठेवली होती. कुणीही तिला थांबवलं नव्हतं. कुणालाही थांबवायचा हक्क नव्हता.

“दोघांच्या राहिल्या तर?” ती म्हणाली.

वेस नको नको म्हणत होता तोवर ती तळघरात पोचलीही होती. तिने आपली बंदूक काढली, शिकवल्याप्रमाणे ती रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि नळी जमिनीकडे धरून वर आणली. ऑरिनकाकांनी आपली पावतीची वही काढली. सवयीने ‘साफसफाई’ लिहिलं. मग त्यांनी ते खोडलं, पेन चावलं आणि ‘सांभाळायला’ असं लिहिलं. परत कधी, या रकान्यापाशी ते अडले. तिथे दरवेळी हंगामाची तारीख पडायची. त्यांनी वही वेसपुढे धरली. वेसने स्वतःच्या हाताने लिहिलं: मी मागेन आणि डॉक्टर बरं म्हणतील तेव्हा. सही केली. डेलाने त्याच्या खाली आपल्या पावतीवर लिहिलं: वेसची परत येईल तेव्हा.

आई-बाबा सहाला आले. आईच्या हातांना कांद्याचा वास येत होता, बाबांच्या नव्या चाकांचं कौतुक दारातूनच सुरू झालं होतं. अंगणात ऑरिनकाकांची गाडी अजून कशी, असं विचारता विचारता त्यांना स्वयंपाकघरात दोन्ही पोरं टेबलाशी बसलेली दिसली. वेसने टेबलाखाली डेलाचा हात धरला होता, हाडं दुखतील इतका घट्ट. त्याने तिला सांगितलं होतं, मला बोलवणार नाही, तू बोल. जवळजवळ सगळंच बोल.

डेला उभी राहिली. बाबांच्या चेहऱ्यावर भीती तिने याआधी कधी पाहिली नव्हती. ती तिथे आधीपासून होती, चार महिने, हे तिला आत्ता दिसलं. तिचा आवाज सरळ निघाला.

“आई, बाबा, बसा. वेसला जीव द्यावासा वाटतो. मी त्याला विचारलं, त्याने सांगितलं. सोमवारी नऊला तो डॉक्टरांकडे जातोय, मी शाळा बुडवून बरोबर जाणार आहे. त्याची बंदूक ऑरिनकाकांकडे राहील. त्याने स्वतः ठेवलीय, कुणी काढून घेतलेली नाही. आणि माझीही मी ठेवलीय. उद्या मी डोंगरावर जात नाही. या हंगामात मी जाणारच नाही, मी घरी वेसबरोबर असेन. माझी बंदूक माझी आहे, म्हणून हे मी ठरवू शकते, बाबा. तुमच्या तीन आणि आजोबांची एक तिजोरीत आहेत. त्यांना मी हात लावलेला नाही, त्या तुमच्या आहेत. पण तिजोरीचा आकडा माझ्या हरणाच्या तारखेचा आहे, आणि त्या दिवशी वेस माझ्या शेजारी उभा होता, म्हणजे आकडा त्यालाही पाठ आहे. ऑरिनकाका बाहेर थांबलेत. त्याही न्यायच्या का, हे तुमचं ठरेपर्यंत थांबतो म्हणालेत.”